आकाशपाळण्याची आणखी एक फेरी

काल्बूबूने उलानला ओश शहरातल्या पाळण्यांच्या बागेत पहिल्यांदा आणलं, तेव्हा तो नुकता कुठे धावायला लागला होता. आणलं म्हणजे काय, पोराचं बोट काल्बूबूच्या हातात, तिकिटाचे पैसे तिच्या मुलाच्या, तालायच्या खिशातून, आणि सगळ्यांच्या मागून पिशव्या वाहत आली ती सून, सालकिन. पोर सालकिनच्याच पोटचं. पण पहिलं मूल म्हातारीचं, यात त्या घरात विचारण्यासारखं काही नव्हतं. बाळाचे चाळीस दिवस झाले, नातेवाईक जमले, बाळ पाळण्यातून उचलून काल्बूबूच्या मांडीवर ठेवलं, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून आमीन म्हटलं. त्याच हिवाळ्यात म्हातारीचा नवरा गेला होता. गावातलं घर ओकंबोकं झालं होतं. "तुम्ही काय बाई, तरुण आहात, तुम्हाला आणखी होतील," असं लोक सालकिनला सांगून गेले. लोकांचं काय जातं बोलायला!

तेव्हापासून तालाय आणि सालकिन शहरात आणि पोर वर अलायच्या डोंगरात, आजीजवळ. उलान आजीला 'आई' म्हणायचा, बापाला 'दादा', आणि सालकिनला 'वहिनी'. त्याला तसंच शिकवलं होतं. सालकिन तोंडातून ब्र काढत नसे, पण दर वर्षी उन्हाळ्यात पोराला बागेत आणायचंच, हा एक हट्ट तिने सोडला नाही. सासूनेही त्याला कधी ना म्हटलं नाही.

त्या पहिल्या वर्षी पोराला चक्रीतल्या लाकडी घोड्यावर बसवलं, तर त्याने आकाशपाताळ एक केलं. खऱ्या घोड्याच्या पोटाखालून रांगत जाणारं पोर, आणि रंगवलेल्या घोड्याला भ्यालं! काल्बूबू बाकावर पांढरा रुमाल सारखा करत पोट धरून हसली. सालकिनही हसली. पोराला खाली उतरवायला मात्र म्हातारी उठली, तिने हात पुढे केले आणि ते तिच्या गळ्यात पडलं. सालकिनने थर्मासमधला चहा वाट्यांत ओतला.

पुढे एका वर्षी टक्कर गाड्यांत त्याचं कपाळ चाकाच्या दांड्यावर आपटलं. टेंगूळ आलं, थोडं रक्त निघालं. "आई गं!" करत तो बाहेर धावला. सालकिन वाटेतच उभी होती. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पसरले. पोर तिच्या हाताखालून वाकून निघून गेलं आणि बाकाशी जाऊन थांबलं. काल्बूबूने त्याचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्या डोक्यावरून सुनेकडे पाहिलं. सालकिनचे हात अजून पसरलेलेच होते.

"सुनबाई, पाण्याची बाटली दे गं," काल्बूबू म्हणाली, अगदी मऊ आवाजात.

काल्बूबू दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

शाळेत घालायच्या वेळी बघू, असं तालाय म्हणाला होता. ती वेळ आली तेव्हा तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला.

"आता कसा मागू? म्हातारी हाय खाऊन मरेल."

"आणि मी?"

"तुला काय धाड भरलीय? तू तरणीताठी आहेस."

झालं. उलानचं नाव गावातल्या शाळेत घातलं गेलं. सालकिनने त्याच्यासाठी घेतलेलं दप्तर तालायच्या हाती वर पाठवून दिलं. मग खूप उशिरा, देवाची कृपा म्हणायची, बेरमेत झाली. ती मात्र सालकिनच्याच कुशीत राहिली. एक मूल मांडीवर आलं की दुसऱ्याची आठवण कमी होईल, असं शेजारणी म्हणत. सालकिनला उलटंच झालं. बेरमेत पहिल्यांदा 'आई' म्हणाली, त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली.

काल्बूबूचे गुडघे गेले तसं तिचं बागेत येणं थांबलं. पोराला मात्र ती पाठवायची. खिशात कुरुताचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे भरून द्यायची, "वहिनीला त्रास देऊ नकोस" म्हणून बजावायची. आता आकाशपाळण्यात दोघंच बसू लागली, सालकिन आणि उलान. तालाय बेरमेतला कडेवर घेऊन खाली उभा राही.

अशाच एका वर्षी पाळणा वर जाऊन थांबला. खाली पोपलरची झाडं, पलीकडे सुलेमानचा डोंगर, आणि ऐकायला चिटपाखरू नाही. सालकिनने इतकी वर्षं दातांखाली धरून ठेवलेलं बोलून टाकलं.

"उलान, तुला मी जन्म दिलाय."

उलान लोखंडी दांडीवर हनुवटी टेकून खाली बघत होता. "माहितीये," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"वर्गातल्या पोरांनी. केव्हाच. सगळ्या गावाला माहितीये." मग तो एकदम तिच्याकडे वळला. "पण आईला सांगू नका हं, मला माहितीये म्हणून. तिला वाटतं मला नाही माहीत. तिला वाईट वाटेल."

सालकिनने मान हलवली.

"वहिनी, तो ट्रक बघा! काडेपेटीएवढा दिसतोय!"

पण त्या दिवसापासून एक झालं. दोघांत एक गुपित आलं, आणि गुपिताबरोबर पोराची भीड गेली. दिराने वहिनीची चेष्टा करायचीच असते, आणि उलान त्यात काही कमी पडत नसे. "वहिनी, तुम्ही वर गेलं की डोळे मिटता. तिकीटवाल्याकडून निम्मे पैसे परत घ्या." "वहिनी, तुमच्या हातची तळलेली बोर्सोकं एवढी कडक, की ती नेमबाजीच्या दुकानात छर्रे म्हणून चालतील." सालकिन त्याच्या पाठीत धपाटा घाली. वर्षातल्या त्या एका दिवसावर ती उरलेलं वर्ष काढायची. आई न म्हणो, पण असा हसतोय ना माझ्याबरोबर, असं ती मनाला सांगे. आणि एक दिवस म्हणेलही, असंही सांगे.

उलानला मिसरूड फुटायला लागली त्या वर्षी वसंतापासूनच काल्बूबू खोकत होती. शाळा सुटली तसा तालाय आईकडे बघायला म्हणून बेरमेतला घेऊन वर गेला, आणि म्हातारीने स्वतः उलानला भाड्याच्या गाडीत बसवून खाली धाडलं. "जा रे. तिकडे वहिनी डोळे लावून बसली असेल. माझं काय, मी कुठे पळून जातेय?"

म्हणजे तो आख्खा दिवस सालकिनचा. नवरा नाही, सासू नाही, बेरमेतची किरकिर नाही. तिने नवा झगा घातला. उलान आता तिच्याहून उंच झाला होता. टक्कर गाडीत त्याचे गुडघे मावेनात. "वहिनी, पुढल्या वर्षी मला या पोरांच्या खेळांत नका आणू, लोक हसतील," असं म्हणत म्हणत तो सगळ्या खेळांत बसला. नेमबाजीच्या दुकानात त्याने पत्र्याची बदकं धडाधड पाडली आणि बक्षीस म्हणून चहाची निळी वाटी मिळवली.

"आईला," तो म्हणाला आणि रुमालात गुंडाळायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. दुपार नुकती कलली होती. तालाय होता. सालकिन दोन पावलं बाजूला गेली.

"आईला बरं नाही," तालाय म्हणाला. "उलानला घेऊन ये. गाडी कर आणि निघ."

"काय झालं?"

"बरं नाही म्हटलं ना. पोराला काही बोलू नकोस. ये तू." मागे कुणीतरी कुणाला तरी किटली आणायला सांगत होतं. फोन बंद झाला.

सालकिन फोन हातात धरून उभी राहिली. मरणाची बातमी या मुलखात घरच्या माणसाला फोनवर कुणी देत नाही. ती वडीलधाऱ्यांनी, चार माणसांत, समोर बसवून द्यायची. लांबच्याला आणायचं तर काहीतरी थाप मारून आणायचं. तिच्या स्वतःच्या बापाच्या वेळी तिला "चुलतभावाचं लग्न ठरतंय, ये" म्हणून बोलावलं होतं. ती नवा रुमाल बांधून, मिठाई घेऊन गेली, आणि फाटकात उतरली तर सख्खे भाऊ कमरेला पट्टे बांधून, काठ्यांवर भार टाकून रडत उभे. तालायच्या काकांना तर रशियाहून आणलं ते घोडा विकायचाय म्हणून. आणि तालाय म्हणतो, आईला बरं नाही, पोराला बोलू नकोस. याचा आणखी काय अर्थ असायचा? गेली म्हातारी.

तिला रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या रडण्याच्या मागोमाग दुसरं एक आलं. मेलेलं माणूस कुठे जात नाही. माती उद्या व्हायची नाही तर परवा. आत्ता निघालं काय नि संध्याकाळी निघालं काय, म्हातारीला सारखंच. पोराला मात्र फाटकात उतरल्यावर पुढचं किती काळ हसता येणार नाही. हसू दे त्याला आणखी थोडा वेळ. पोरासाठीच म्हणते मी, असं सालकिनने स्वतःला बजावलं. तालायला परत फोन लावून सरळ विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. तिने फोन पिशवीत टाकला.

"कुणाचा होता, वहिनी?"

"दादाचा. तुला संध्याकाळी घेऊन ये म्हणतो."

"आईने औषध घेतलं का, विचारलंत?"

"घेतलं," सालकिन म्हणाली. "चल, आकाशपाळण्यात बसू."

"मघाशी बसलो की!"

"आणखी एक फेरी."

"तुम्ही? दोनदा?" उलानने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितल्याचं सोंग केलं. "बघू हं, डोळे उघडे ठेवायचे या वेळी."

तिने ठेवले. पाळणा वर चढला तेव्हा तिने खाली बघितलंच नाही, पोराकडे बघत राहिली. वाऱ्याने त्याचे केस कपाळावर येत होते. आता हा माझा, असं तिच्या मनात आलं. म्हातारी गेली, आता याला माझ्याकडे यायलाच हवं, दुसरं आहेच कोण त्याला? त्या विचाराची तिला लाज वाटली. आणि लाज वाटूनही तो गोडच लागला. मग त्यांनी सळईवर भाजलेलं शाश्लिक खाल्लं. मग तळ्यावर होडी घेतली. पोराने तिच्या अंगावर पाणी उडवलं. सावल्या लांब झाल्या तेव्हा कुठे ती गाड्यांच्या तळावर आली. तिथे गाड्या रांगेने उभ्याच होत्या, गिऱ्हाइकाची वाट बघत.

घाटात गाडीवाल्याला कुणाचा तरी फोन आला. तो शेजारच्याच गावचा होता. त्याने आरशातून मागे पोराकडे पाहिलं आणि चालू असलेलं गाणं बंद केलं.

"का बंद केलंत, काका?" उलानने विचारलं.

"डोकं दुखतंय रे," तो म्हणाला.

उलानने सालकिनकडे पाहिलं. सालकिन खिडकीबाहेर बघत होती. तो निळी वाटी मांडीवर घट्ट धरून बसला.

दिवस मावळता मावळता ते पोचले. अंगणात लोकरीच्या नमद्याचा पांढरा तंबू उभा झाला होता. त्याच्या भिंतीशी तालाय आणि चुलते-भाचे काठ्या टेकून उभे होते. गाडी थांबायच्या आत पोराने दार उघडलं आणि "माझी आई, आई गं!" करत जे धावलं, ते बघून गाडीवाल्यानेही टोपी काढून डोळे पुसले. तालायने स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला पट्टा बांधला, हातात काठी दिली आणि त्याला मुलांच्या रांगेत उभं केलं. नातू म्हणून नाही, शेंडेफळ म्हणून.

सालकिन आत बायकांत गेली. पडद्याआड म्हातारीला ठेवलं होतं. बायका भिंतीकडे तोंड करून विलाप गात होत्या. सालकिनही भिंतीकडे तोंड करून बसली. नमद्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, उलान उभा होता. त्याचा फुटका, अर्धवट बाप्याचा आवाज सगळ्यांत वेगळा ऐकू येत होता. "माझी आई, मला कुणावर सोडून गेलीस, आई..." त्याची जन्मदाती ते ऐकत बसली होती.

विलाप जरा थांबला तशी तालायची थोरली बहीण नासिपा तिच्याकडे सरकली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"कुठे होतात गं तुम्ही? दुपारपासून जीव धरून होती. 'माझं शिंगरू आलं का, माझं शिंगरू आलं का.' गाडीचा आवाज झाला की मान उचलायची. आत्ता तिसऱ्या प्रहरी गेली."

सालकिन भिंतीकडून वळली. "म्हणजे तालायने फोन केला तेव्हा..."

"तेव्हा चांगली बोलत होती की! चहा मागितला. त्याला फोन करायला तिनेच सांगितलं. तेव्हाच निघाला असतात तर भेट झाली असती, बाई. एवढा वेळ लागतो होय?"

सगळ्या बायका बघत होत्या. एकदा, एकदाच खरं बोलायची ती वेळ होती.

"गाडी मिळाली नाही," सालकिन म्हणाली.

नमद्याच्या पलीकडचा तो फुटका आवाज बंद पडला. बाकीचे पुरुष रडत होते, तो एक नव्हता. सालकिन भिंतीकडे बघत श्वास धरून बसली. नमदा तो काय, त्यातून कुजबुजसुद्धा ऐकू जाते. मग, बऱ्याच वेळाने, तो आवाज पुन्हा सुरू झाला. "माझी आई, आई गं..." आता तो पहिल्यापेक्षा हळू होता.

ती वाट बघत राहिली, की पोर येईल, विचारेल, ओरडेल, चारचौघांत तिची लाज काढेल. त्याने काही केलं नाही. माती झाली, सातवा झाला, चाळिसावा झाला. चाळिसाव्याला चुलत्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "बाळा, आता तू तुझ्या घरी जा. तालाय तुझा बाप, सालकिन तुझी आई. तसंच म्हणायचं, बरं का." काल्बूबूच्या वळणात वाढलेलं पोर, थोरांचा शब्द मोडायचं त्याला ठाऊकच नव्हतं. "बरं," तो म्हणाला. आणि तिथेच, सगळ्यांदेखत, सालकिनकडे वळून म्हणाला, "आई, तुमची पिशवी मी घेतो." बायकांनी डोळ्यांना रुमालाची टोकं लावली. किती समजूतदार पोर, म्हणाल्या.

ओशच्या घरात तो वावरतो तोही असाच. भाजी आणतो, गालिचे झटकतो, बेरमेतचा अभ्यास घेतो. सालकिन दारातून आत आली की उठून उभा राहतो. 'आई, चहा घ्या.' 'आई, तुम्ही बसा.' निळी वाटी त्याने आपल्या खाटेशेजारी खिडकीत ठेवली आहे. तिच्यातून कुणी चहा पीत नाही. बोर्सोकं कडक झाली तरी तो गुपचूप खातो. एकदा सालकिनने मुद्दाम जास्तच करपवली आणि ताटात वाढून त्याच्या तोंडाकडे बघत बसली. "छान झालीत, आई," तो म्हणाला. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी जीव टाकला, तो दिवसातून दहादा कानावर पडतोय, आणि तिला वाटतं, एकदा, फक्त एकदा 'वहिनी' म्हण रे, आणि माझी टर उडव.

या उन्हाळ्यात बेरमेतने हट्ट धरला बागेचा. तालाय कामावर होता. उलान नाही म्हणणार, असं सालकिनला वाटलं होतं. "चला, नेऊ या तिला," तो म्हणाला.

आकाशपाळण्याला नवा रंग दिला होता. बेरमेत त्याच्याकडे बोट दाखवून नाचायला लागली. तिकिटाच्या खिडकीपाशी सालकिनच्या पिशवीत फोन वाजला. उलान जागच्या जागी थांबला.

"कुणाचा?"

"शेजारणीचा आहे."

"उचला ना."

तिने उचलला. शेजारीण गच्चीची किल्ली मागत होती. सालकिनने कुठे ठेवली ते सांगितलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"किल्ली हवी होती गच्चीची. दुसरं काही नाही, उलान. खरंच."

उलान तिच्या तोंडाकडे बघत राहिला. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर तिने त्याचे पाय धरले असते. मग त्याने हात पुढे केला.

"आई, फोन माझ्याकडे द्या."

तिने दिला. त्याने शेवटचा नंबर कुणाचा ते बघितलं, फोन शर्टाच्या खिशात टाकून वरून बटण लावलं, आणि बेरमेतचं बोट धरून रांगेत जाऊन उभा राहिला.